सुख सरतें, तृष्णा उरते

'व्यसन' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेंकणें हा धातु, यांपासून तो झाला. मनुष्याला त्याच्या कल्याणापासून दूर फेंकून देतें तें व्यसन, अशी त्याची फोड कौटिल्यानें अर्थशास्त्रांत केली आहे. म्हणूनच संस्कृतांत या एकाच शब्दाचा अर्थ वाईट संवय असाहि होतो आणि संकट असाहि होतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत कामापासून उपजणारीं दहा व्यसनें सांगितलीं आहेत. त्यांत मद्यपान आहे आणि त्याच रांगेंत द्यूतहि आहे. मद्य पोटांत जातें. द्यूतांत तर पोटांत कांहींच जात नाहीं. मग दोहोंस एका पंक्तीस कां बसविलें, अशी शंका कोणाहि चौकस विद्यार्थ्यास यावी. तिचें नीट उत्तर गेल्या सत्तर वर्षांत मेंदूच्या अभ्यासानें दिलें आहे, आणि तें आपल्या घरांत रोज उपयोगीं पडणारें आहे, म्हणून हा लेख.

गोंदिया जिल्ह्यांत राहणाऱ्यास हा विषय पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव या बाजूच्या रानांतून दर उन्हाळ्यांत टेंभुर्णीचीं, म्हणजे इकडच्या भाषेंत तेंदूचीं, पानें तोडलीं जातात. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, असा त्यांचा हिशेब. पहाटे रानांत जाऊन पानें तोडणाऱ्या आणि दुपारीं घरीं बसून पुडे बांधणाऱ्या कुटुंबांना पावसाळ्यापूर्वीं चार पैसे मिळतात ते यावरच. या पानांत निपाणीकडची किंवा गुजराथेंतील चरोतरची तंबाखू भरली कीं विडी होते. रेल्वेच्या सोयीमुळें गोंदिया शहर या धंद्याचें मोठें ठाणें बनलें. आणि त्याच धंद्यांत पुढें आलेल्या मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापून या भागांत शिक्षणाची सोय केली. विडीनें येथें किती चुली पेटविल्या हें ज्यास ठाऊक आहे, तो तिजविषयीं उथळपणें बोलणार नाहीं.

विडीच्या जोडीला या भागांत खर्रा आहे. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नींत घालून घोटला कीं खर्रा तयार होतो. तो कोणत्याहि पानठेल्यावर मिळतो. महाराष्ट्रांत जुलै २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र घोटला जातच राहिला. सन २०१६-१७ मध्यें जी देशव्यापी तंबाखू-पाहणी झाली, तींत महाराष्ट्रांतील शंभर प्रौढांपैकीं सुमारें २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करतात असें आढळलें. त्यांतहि ओढणारे सुमारें चार, आणि तोंडांत धरणारे किंवा इतर रीतीनें बिनधुराची घेणारे सुमारें चोवीस. कांहीं जण दोन्हीं करतात.

हा मजुरांचा प्रश्न आहे, सुशिक्षित कुटुंबांचा त्याशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. पण तपकिरीची डबी, सकाळची मशेरी आणि जेवणानंतरच्या विड्यांतील चिमूटभर तंबाखू हे कोणाच्या घरचे प्रकार आहेत? नाकावाटे गेली, हिरडीवाटे गेली कीं धुरावाटे गेली, तरी तंबाखूंतील निकोटीन शेवटीं एकाच ठिकाणीं, म्हणजे मेंदूंत, पोंचतें. वर्गभेद त्याला कळत नाहीं.

व्यसनी मनुष्याविषयीं आपली एक ठाम समजूत असते. त्याला त्यांत सुख वाटतें, म्हणून तो तें सोडीत नाहीं. सुखाचा मोह आवरला कीं झालें. पण वीस-पंचवीस वर्षें विडी ओढणाऱ्या कोणाहि गृहस्थास विचारून पाहावें. आतां तींत कांहीं गोडी उरली नाहीं, पण राहवत नाहीं, असेंच उत्तर बहुधा मिळेल. या उत्तरांत विरोधाभास दिसतो; परंतु मेंदूच्या रचनेप्रमाणें तें अक्षरशः खरें आहे. सुख आणि तृष्णा या तेथें दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक आटली तरी दुसरी वाढूं शकते.

हें कसें कळलें त्याची हकीकत मनोरंजक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशांत सांपडतो. सर्पगंधा ही वनस्पति आपल्याकडे फार जुन्या काळापासून औषधांत आहे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिच्या गुणाचा वृत्तांत १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि १९५२ सालीं स्विस रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्या मुळांतून रेसर्पिन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनीं १९५७ मध्यें हें रेसर्पिन सशांना दिलें, तेव्हां ते ससे निश्चेष्ट होऊन बसले. मग त्यांना एल-डोपा हें दुसरें द्रव्य टोंचतांच ते थोड्या वेळांत हालूं-चालूं लागले. एल-डोपापासून शरीरांत डोपामाईन तयार होतें. यावरून कार्लसन यांनीं दाखवून दिलें कीं, डोपामाईन हा स्वतंत्र निरोप पोंचविणारा मेंदूंतील एक दूतच आहे. या कार्याबद्दल त्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

या दूताचा मार्गहि आतां ठाऊक झाला आहे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांपैकीं डोपामाईन तयार करणाऱ्या मेंदूच्या मध्यभागांतील पेशी कांहीं लाखच. परंतु त्यांचे तंतु दूरवर पसरलेले असतात. एक शाखा पुढच्या बाजूस खोलवर असलेल्या एका लहान केंद्राकडे जाते. तेथें 'हें मिळविलें पाहिजे' ही ओढ उत्पन्न होते. दुसरी शाखा कपाळामागच्या भागाकडे जाते. तेथें सारासार विचार आणि संयम यांचें ठाणें आहे. अन्न, पाणी, अपत्यप्रेम, शाबासकी, ज्ञान, या साऱ्यांकडे जीवाला खेंचून नेणारी वाट हीच. ती नसती तर तान्हें मूल आईकडे रांगत गेलें नसतें, आणि गणित सुटल्यावर विद्यार्थ्यानें दुसरें गणित हातीं घेतलें नसतें. तेव्हां ही वाट वाईट नव्हे. तिजवरून चुकीचा वाटसरू चालूं लागला म्हणजे अनर्थ होतो.

मॉंट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनीं १९५४ सालीं उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या विशिष्ट भागांत बारीक तार बसवून, दांडी दाबली कीं तेथें विजेचा सौम्य धक्का बसेल अशी योजना त्यांनीं केली. उंदीर ती दांडी पुन्हां पुन्हां दाबूं लागले. पुढील प्रयोगांत तर तासाला हजारों वेळां. तेव्हां लोकांस वाटलें, सुखाचें केंद्र सांपडलें. आणि डोपामाईन म्हणजे सुखाचा रस, ही समजूत पुढें रूढ झाली. वर्तमानपत्रांतून ती अजून वाचावयास मिळते. ती पुरी बरोबर नाहीं.

ती कोठें चुकते हें दोन संशोधनांनीं स्पष्ट केलें. पहिलें वुल्फ्राम शुल्ट्झ यांचें, स्वित्झर्लंडमधील. त्यांनीं माकडांना फळांच्या रसाचे थेंब देऊन त्यांच्या डोपामाईन-पेशी केव्हां चेततात तें पाहिलें. प्रथम अकल्पित रस मिळाला तेव्हां त्या चेतल्या. मग रसापूर्वीं दरवेळीं दिवा लावला. थोड्याच दिवसांत त्या पेशी दिवा लागतांच चेतूं लागल्या, आणि रस मिळतांना मात्र स्वस्थ राहिल्या! दिवा लागूनहि रस आला नाहीं, तर त्यांचें नेहमींचें कार्यहि क्षणभर मंदावलें. म्हणजे डोपामाईन सुखाचा हिशेब ठेवीत नाहीं. अपेक्षेपेक्षां अधिक मिळालें कीं उणें, हें तें सांगतें, आणि कोणत्या खुणेमागें लाभ आहे हें मेंदूला शिकवितें. जुगाऱ्याचें कोडेंहि येथें उलगडतें. फासा पडेपर्यंत लाभ अनिश्चित, म्हणून ओढ सतत जागी. पोटांत कांहीं न जातां द्यूत मद्याच्या रांगेंत बसलें तें यामुळें.

दुसरें संशोधन अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचें. ज्या उंदरांच्या मेंदूंतील डोपामाईन जवळजवळ नष्ट केलें होतें, ते समोर अन्न असूनहि तिकडे जात नसत. भरविलें नाहीं तर उपाशी मरते. पण त्यांच्या तोंडांत साखरेचें पाणी घातलें तर तोंडावर आवडीच्या नेहमींच्या साऱ्या खुणा दिसत. आवड शाबूत होती. ओढ गेली होती. मनुष्यांत याची उलट बाजू दिसते. कंपवाताच्या कांहीं रोग्यांना डोपामाईनसारखें कार्य करणारीं औषधें द्यावीं लागतात, आणि त्यांपैकीं थोड्यांना, जन्मांत कधीं पत्ते न खेळलेल्यांनासुद्धां, जुगाराची अनावर इच्छा होते. मात्रा बदलली कीं ती ओसरते. (घरांत असे रोगी असतील त्यांनीं औषध परस्पर बंद न करतां हें डॉक्टरांस सांगावें.)

आतां तंबाखूकडे वळूं. विडीच्या झुरक्यांतील निकोटीन फुप्फुसांतून रक्तांत जाऊन दहा-वीस सेकंदांत मेंदूंत पोंचतें. खर्र्यांतील निकोटीन गालाच्या आंतील त्वचेंतून सावकाश झिरपतें, पण तें बराच वेळ येत राहतें. चुन्याचें काम येथें चवीपुरतें नसतें. चुन्याच्या क्षारामुळें निकोटीन मोकळें होऊन त्वचेंतून सहज आंत शिरतें. मेंदूंत गेल्यावर तें डोपामाईन-पेशींना थेट चिथावितें. भोजनापासून किंवा शाबासकीपासून मिळणारें डोपामाईन, अपेक्षा पुरी झाली कीं आपोआप आवरतें. निकोटीनच्या बाबतींत तसें होत नाहीं. दर वेळीं, अपेक्षित असूनहि, तें पेशींना चिथावितेंच. त्यामुळें 'हें फारच मोलाचें आहे, पुन्हां मिळवा' हा धडा दिवसांतून वीस-तीस वेळां गिरविला जातो. वर्षाकाठीं सात हजारांहून अधिक वेळां गिरविलेला धडा कोणता विद्यार्थी विसरेल?

शिवाय मेंदू बदलतो. रोजच्या माऱ्याला तोंड देतां देतां निकोटीन पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढते, आणि निकोटीन नसलें कीं त्या मोकळ्या राहून बेचैनी सुरू होते. रक्तांतील निकोटीन दर दोन तासांनीं सुमारें निम्मे होतें. म्हणून रात्रभराच्या उपवासानंतर सकाळची पहिली विडी सर्वांत हवीशी वाटते. उठल्यापासून किती मिनिटांत ती लागते यावरून व्यसन किती खोल आहे हें डॉक्टर ओळखतात. विडीनें मन शांत होतें असें जें म्हणतात, तेंहि बरेंचसें याच प्रकारचें. मागच्या विडीनें उत्पन्न केलेली बेचैनी पुढची विडी तेवढी शमविते. तिच्यावांचून शौचास होत नाहीं ही तक्रारहि खोटी नव्हे. आंतड्यांनाहि निकोटीनची संवय जडलेली असते. दरम्यान नवें सुख वाढत नाहीं. वाढते ती ओढ, आणि तीहि खुणांना चिकटलेली: चहाचा कप, जेवणानंतरचें ताट, ठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज, मित्राची हांक.

या बाबतींत मुलांचा धोका मोठा आहे. ओढ उत्पन्न करणारें केंद्र लहानपणींच जोमदार असतें; कपाळामागील संयमाचा भाग मात्र पुरा तयार व्हावयास पंचविशी उजाडते. घोडा तरणा आणि लगाम अर्धा विणलेला, अशा वयांत जो धडा बसतो तो पक्का बसतो. आणि शरीराची हानि तर निराळीच. सुपारीमुळें गालाची आंतील त्वचा आखडून तोंड उघडेनासें होतें. त्याच तोंडांत पुढें कर्करोगाची भीति असते. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें, किंवा त्याचे हातून ती विकविणें, २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तरीहि आपणच नातवास आजोबांसाठीं ठेल्यावर पिटाळतों.

आतां उपायांचें पाहूं. व्यसन खुणांवर जगतें, याचा सर्वांत मोठा दाखला व्हिएतनामच्या युद्धांत मिळाला. तेथील पुष्कळ अमेरिकन शिपाई हेरॉईनच्या पूर्ण आहारीं गेले होते. ते परतल्यावर लीं रॉबिन्स या विदुषीनें १९७१ नंतर त्यांचा शोध घेतला. तेथें व्यसनाधीन झालेल्या शंभरांपैकीं मायदेशीं पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनांत पडलेले सुमारें पांचच निघाले. परत पाठविण्यापूर्वीं त्यांची तपासणी होऊन नशा सुटेपर्यंत त्यांना थांबवून घेत, हें खरें. पण तो देश, ती भीति, ते सोबती, ती स्वस्त पुडी, सारें मागें राहिलें, हें मोठें कारण होतें. आपल्या मनुष्याला घर आणि गांव सोडतां येत नाहीं. म्हणून घरानेंच थोडें बदललें पाहिजे.

एकत्र कुटुंबाचें बळ आणि दौर्बल्य दोन्हीं येथें दिसतात. दौर्बल्य असें कीं, एकानें सोडण्याचा निश्चय केला तर दहाजण उपदेश करतात, आणि तो चुकला तर दहाजण टोंचतात. टोंचणीनें लाज वाटते, लाजेनें बेचैनी वाढते, आणि बेचैनी शमविण्याचा एकच उपाय त्याच्या मेंदूला पाठ आहे. मग तो चोरून ओढतो. बळ असें कीं, ओढीची प्रत्येक लाट थोडीं मिनिटेंच टिकते, आणि तेवढीं मिनिटें सोबत करावयास या घरांत कोणी ना कोणी असतेंच. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोंप न लागणें, भूक आणि बद्धकोष्ठ यांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, आणि वाढलेल्या ग्राहीहि कांहीं आठवड्यांत पूर्ववत् होतात. त्या दिवसांतील रागावणें हा त्या माणसाचा स्वभाव नसून मेंदूची मागणी आहे, एवढें घरांतील सुनांना व मुलांना आधीं सांगून ठेवावें.

चरकानें सूत्रस्थानांत अंगवळणीं पडलेली अहितकर संवय एकदम न सोडतां चतुर्थांशानें, मध्यें दिवसांचें अंतर ठेवून, सोडावी असें सांगितलें आहे. निकोटीनचा च्युइंग गम देऊन त्याची मात्रा क्रमाक्रमानें उतरवीत नेण्याची आजची रीत त्याच धोरणाची आहे. ठरविलेल्या दिवशीं एकदम सोडणाऱ्यांसहि यश येतें. त्यासाठीं ओढ कमी करणारीं औषधेंहि निघालीं आहेत, पण तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. दारूचें मात्र निराळें. मोहाची असो वा दुकानची, जो रोज भरपूर पितो त्यानें ती एकाएकीं सोडल्यास झटके व भ्रम येऊन प्राणावर बेतूं शकतें. त्याला दवाखान्यांत नेऊनच सोडवावें. पुण्याचें मुक्तांगण, जें डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें सुरू केलें, तें याच समजुतीवर उभें आहे कीं, व्यसनी हा तिरस्कारास नव्हे तर उपचारास पात्र आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत, जेथें १९९३ पासून दारूबंदी आहे, तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानें २०१६ मध्यें सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' चळवळीनें दारूच्या जोडीला तंबाखू आणि खर्राहि हातीं घेतला, आणि प्रश्न गांवाच्या सभेपुढें नेला.

येथें एक आक्षेप येईल. सारें मेंदूच करतो असें म्हटलें तर मनुष्याची जबाबदारी उरली कोठें? उत्तर असें कीं, ओढ उठणें त्याच्या हातीं नाहीं; पण डबी कोठें ठेवावी, कोणत्या रस्त्यानें घरीं यावें, कोणास मदत मागावी, हें शांत वेळीं ठरविणें त्याच्या हातीं आहे. ययातीनें मुलाचें तारुण्य उसनें घेऊन दीर्घ काळ भोग भोगले, आणि शेवटीं भोगानें तृष्णा शमत नाहीं हें जाणून तें परत केलें. या कथेंत जें सांगितलें, तेंच उंदीर आणि माकडें यांवरील प्रयोगांत आढळलें. फरक इतकाच कीं, ती तृष्णा कोणत्या वाटेनें चालते आणि कोठें अडवितां येते, हें आतां अधिक नेमकें कळलें आहे.

म्हणून ज्या घरांत कोणी सोडूं इच्छितो, तेथें पुढील गोष्टी कराव्या. दिवस ठरवून सर्वांस सांगावा. आदल्या रात्रीं डबी, पुडी, काडेपेटी, पिकदाणी हीं नजरेआड नव्हे, घराबाहेर काढावीं. चहानंतर आणि जेवणानंतर दहा मिनिटें त्यास कोणीतरी फिरावयास न्यावें. बडीशेप जवळ ठेवावी. सुपारी ठेवूं नये, कारण तिचीहि संवय लागते. चुकल्यास न रागावतां दुसऱ्या दिवसापासून पुन्हां मोजावें. अनेकांस सुटेपर्यंत चार-सहा प्रयत्न करावे लागतात. तंबाखूच्या पाकिटांवर सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा विनामूल्य सल्ल्याचा क्रमांक छापलेला असतो. तो घरांतील वडील मंडळींनीं स्वतः लावून पाहण्यांत कमीपणा नाहीं. आणि लहान मुलाच्या हातीं पैसे देऊन त्यास ठेल्यावर पाठविणें आजच बंद करावें. त्यासाठीं कोणा डॉक्टरची गरज नाहीं.